बाळाची झोप आणि बाळगोळी

करी रोडला आमची चाळ आहे. करी रोड म्हणजे मुंबईत मध्य रेल्वेवर भायखळा, चिंचपोकळी यांच्या पुढचे आणि परळच्या अलीकडचे स्टेशन. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून माणसे कापडाच्या गिरण्यांत कामाला आली, ती याच भागात राहिली. तुमच्याही गावातले कुणी आजोबा, कुणी आत्या इथे राहून गेली असतील. १९८२ सालच्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. आता त्या जागी उंच उंच इमारती आहेत. आमच्यासारख्या काही चाळी मात्र अजून उभ्या आहेत.

चाळीत संध्याकाळी मी साक्षरतेचा वर्ग घेतो. शाळेतून निवृत्त झालो, पण हातातला खडू सुटला नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गात एक तरुण बाई येत असे. पाटीवर अक्षर गिरवता गिरवता तिची मान खाली जायची. मी पडलो मास्तर. दोनदा रागावलो. तिसऱ्या वेळी तिची शेजारीण म्हणाली, "गुरुजी, तिला बोलू नका. चार महिन्यांचं पोर आहे तिचं. रात्रभर रडतं. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. एकटीच जागते बिचारी."

मला फार ओशाळल्यासारखे झाले. वर्ग सुटल्यावर मी तिला विचारले, "मुली, मग आता बाळ कुणाजवळ आहे?"

"सासूबाईंजवळ. झोपलंय. औषध दिलंय, आता तीन-चार तास उठायचं नाही."

"कसलं औषध? बाळ आजारी आहे का?"

"आजारी नाही, गुरुजी. सर्दीचं पातळ औषध असतं ना, ते. दुकानातून आणलंय. त्यानं झोप चांगली लागते."

मी घरी आलो, पण मला जेवण गेले नाही. मला माझी आजी आठवली.

माझी आजी गिरणीत कामाला होती. वाइंडिंग खात्यात. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्या बॉबिनवर गुंडाळायचे, तुटले की सांधायचे, हे तिचे काम. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. दिवसाला दहा-दहा, अकरा-अकरा तास काम चाले. पहाटे भोंगा झाला की खोलीतली निम्मी माणसे उठून चालू लागत. खोली केवढी? दहा फूट बाय बारा फूट. तीत राहणारी माणसे सात. त्यातली दोन रात्रपाळीची, म्हणून ती दिवसा झोपत. म्हणजे दिवसाही खोलीत मोठ्याने बोलायची सोय नाही. तिथे मूल रडून कसे चालेल?

आजीचे पहिले मूल मुलगा होता. बाळंतपणानंतर चार-पाच आठवड्यांत ती कामावर गेली. न जाऊन कसे भागणार? जागा गेली तर पुन्हा मिळायची नाही. घरी बाळाजवळ एक म्हातारी शेजारीण असे. तिच्याकडे अशी तीन-चार मुले असत. सकाळी कामावर जाण्याआधी आजी बाळाला पाजायची आणि ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान अशी एक काळी गोळी दुधात उगाळून चाटवायची. त्या गोळीला बाळगोळी म्हणत. तिच्यात अफू असे.

बाळ झोपे. दुपारी आजी येईपर्यंत झोपे. पुढे पुढे ती आल्यावरही नीट उठेना. पाजायला घेतले तर दोन घोट ओढून पुन्हा डोळे मिटी. पोट फुगे. शौचाला होत नसे. हातपाय काटकुळे झाले. पाचव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, एका सकाळी ते उठलेच नाही.

हे आजीने मला सांगितले तेव्हा मी शिक्षक झालो होतो. मी शहाणपणाने म्हणालो, "आजी, अफू वाईट हे तुला कळत नव्हतं का?" आजी म्हणाली, "कळत नव्हतं असं नाही रे. बाळ सुकत चाललंय हे आईला दिसत नाही होय? पण गोळी दिली नाही तर ते रडायचं. ते रडलं तर म्हातारी त्याला ठेवून घ्यायची नाही. म्हातारीनं ठेवलं नाही तर कामावर कशी जाणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ही एका आजीची गोष्ट नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी जगभरच्या कामगारांच्या प्रश्नांवर पहिली मोठी परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या बाजूने तिथे ना. म. जोशी गेले होते. करी रोडहून लोअर परळकडे निघालात की जो मोठा रस्ता लागतो, त्याला त्यांचेच नाव आहे. जुनी माणसे त्याला अजून डिलाइल रोड म्हणतात. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली होती. ही संस्था कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवत असे. म्हणजे तुमच्या-आमच्या वर्गासारखेच वर्ग. त्या परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा विषय निघाला. आपल्याकडच्या कामगार बायकांची स्थिती काय आहे, याची चौकशी करायचे ठरले. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाईंना त्या कामावर नेमले. त्या चाळीचाळीतून फिरल्या. १९२२ साली त्यांचा अहवाल छापून आला. त्यात त्यांनी लिहिले होते, की गिरण्या-कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते.

शंभरात अठ्ठ्याण्णव. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही. पण अफू काही चोरून आणावी लागत नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात ती उघड विकत मिळत होती.

अफू बाळाला करते काय, हे नीट समजून घ्या. अफूने मेंदूला गुंगी येते. आपला श्वास आपोआप चालतो, पण तो चालवतो मेंदू. मेंदूच गुंगला की श्वास मंद होतो. मोठ्या माणसाला जे थोडे, ते चार किलोच्या बाळाला फार. दुसरे असे, की अफूने भूक मरते. भूक लागली हे बाळ आपल्याला रडून सांगते. ते रडलेच नाही तर आईला वाटते, पोट भरलेले आहे. तिसरे, आतडी सुस्त होतात आणि बाळाला शौचाला होत नाही. आणि रोज दिल्यावर शरीराला सवय लागते. मग एक दिवस गोळी चुकली की बाळ थरथरते, किंचाळून रडते. आई म्हणते, "बघा, गोळीशिवाय याला झोपच येत नाही!" आणि पुन्हा गोळी देते. जाळे असे असते.

त्या वर्षांत मुंबईत बालमृत्यू भयंकर होते. १९२१ साली नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बाळे वर्षाच्या आत गेली, असे सरकारी कागद सांगतात. यात एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, तिथे जन्म होई आणि मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे. सगळी बाळे अफूने गेली असेही नाही. कोंदट खोल्या, घाण पाणी, देवी, हगवण ही कारणे होतीच. पण गुंगीत अर्धपोटी राहिलेले मूल कुठल्याही आजाराला आधी बळी पडते.

मग सुधारणा कशी झाली? नुसते "अफू देऊ नका" असे सांगून झाली नाही. आईला वेळ मिळू लागला, तेव्हा झाली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या मंडळात होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला. रजा सात आठवड्यांची होती आणि दिवसाला आठ आणे मिळत. थोडेच होते, पण आधी तेवढेही नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवणे सक्तीचे केले. पुढे हा आकडा तीसवर आणला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी नोकरीतली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आज महाराष्ट्रात हजारात वीसांपेक्षा कमी बाळे वर्षाच्या आत दगावतात. केवढा फरक! आता शेतावर मजुरी करणारीला, ऊसतोडीला जाणारीला, इमारतीच्या कामावरच्या बाईला ही पगारी रजा कोण देतो, असे तुम्ही विचाराल. विचाराच. मीही विचारतो.

आमच्या आजीला पुढे चार मुले झाली. त्यातले एक माझे वडील. त्यांना तिने गोळी दिली नाही. कारण तिची आई गावाहून येऊन राहिली. घरात एक माणूस वाढले, आणि गोळी सुटली.

हे सगळे मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितले. ती घाबरली. म्हणाली, "पण गुरुजी, हे अफू नाही हो. सर्दीचं औषध आहे." मी म्हणालो, "अफू नाही हे खरं. पण तू ते सर्दीसाठी देत नाहीस, गुंगीसाठी देतेस. काम तेच झालं." तिला घेऊन आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही बाटली बाजूला ठेवायला सांगितले. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत गुंगी आणणारा पदार्थ असतो. तान्ह्या बाळाचा श्वास त्याने अडू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची पातळ औषधे देऊ नयेत, अशी केंद्र सरकारचीही २०२५ सालची सूचना आहे.

आणखी काही वस्तू घरोघरी असतात. बाळगुटीत जायफळ जास्त उगाळतात, कारण जायफळाने झोप येते. जास्त जायफळ विषारी असते, आणि दोन वेढ्यांचे चार वेढे कधी झाले हे उगाळणाऱ्याला कळत नाही. खसखस ही तर अफूच्याच बोंडातली. कुणी हिरड्यांना दारूचे बोट लावतात. कुणी मध चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून एक गंभीर आजार होतो. पहिले सहा महिने आईचे दूध, बस्स. पाणीसुद्धा नको.

आता खरा प्रश्न. औषध नाही, तर मग बाळ झोपायचे कसे?

आधी हे बघा, की बाळ झोपत नाही असे नसतेच. नुकते जन्मलेले बाळ दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते. आपल्या दुप्पट! पण ते सलग झोपत नाही. त्याचे पोट एवढेसे. दूध लवकर जिरते. दोन-तीन तासांनी भूक लागते, म्हणून उठते. ही त्याची खोड नव्हे. तसे उठते म्हणूनच ते वाढते. दुसरे कारण असे, की त्याला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे कळत नाही. नऊ महिने अंधारात काढलेला जीव तो. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या अंगात दिवसरात्रीचे घड्याळ हळूहळू सुरू होते. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत बारा ते सोळा तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते. यात दिवसाची झोप धरलेली आहे. एवढे वाचले तरी पुष्कळ आयांचा जीव खाली पडेल. "माझंच पोर असं" असे प्रत्येकीला वाटते. तसे नसते. रडण्याचेही असेच आहे. साधारण दीड महिन्याचे होईपर्यंत रडणे वाढत जाते आणि तीन-चार महिन्यांत कमी होते. संध्याकाळी जास्त रडते. बायका म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, वय आहे.

ते अंगातले घड्याळ लवकर बसवायला आपण मदत करू शकतो. सकाळी बाळाला उजेडात आणा. ओटीवर, अंगणात, खिडकीशी, कोवळ्या उन्हात. दिवसा घरात बोलणे, भांडी, मुलांचा गलका चालू द्या. दिवसा ते झोपले म्हणून सगळ्यांनी कुजबुजायला नको. रात्री मात्र उलटे करा. दिवा मंद करा. रात्री पाजताना त्याच्याशी खेळू नका, बोलू नका. पाजा, ढेकर काढा, ओले असेल तर दुपटे बदला, पुन्हा ठेवा. रात्र म्हणजे मजेची वेळ नव्हे, हे त्याला चार-सहा आठवड्यांत उमगते.

यात आता नवा शत्रू आला आहे, मोबाइल. आई पाजताना बघते, बाप शेजारी पडून बघतो, आणि तो पांढरा उजेड बाळाच्या डोळ्यांवर पडतो. दीड-दोन वर्षांच्या पोराला तर जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल. मग ते अकरा वाजेपर्यंत टक्क जागे. झोपायच्या आधी तासभर तरी तो डबा बंद करून उंच फळीवर ठेवा. टीव्हीसुद्धा. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, मी स्वतः एकाच खोलीत राहतो. पण आमच्या शेजाऱ्यांनी साधी युक्ती केली. बातम्या बघायच्या असतील तर दोघे-तिघे एकाच घरात जमतात, आणि ज्या घरात तान्हे बाळ आहे त्या घरात अंधार.

रोजचा क्रम एक असू द्या. आपल्या आया-आज्यांना हे बरोबर ठाऊक होते. तेल लावायचे, ऊन पाण्याची अंघोळ, पाजणे, मग पाळण्यात घालून अंगाई. रोज त्याच क्रमाने, त्याच वेळेला. बाळाला घड्याळ वाचता येत नाही, पण क्रम वाचता येतो. अंघोळ झाली, आता दूध, आता गाणे, आता झोप. गळा चांगला नसला तरी चालेल. बाळ काही स्पर्धेचे परीक्षक नाही. एक मात्र करून बघा. बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की ते पूर्ण झोपायच्या जरासे आधी, डोळे जड झाले असतानाच, खाली ठेवा. थोपटा. रोज जमणार नाही. पण ज्या बाळाला खांद्यावरच झोपायची सवय असते, ते मध्यरात्री जागे झाले की पुन्हा खांदाच मागते. मोठी माणसेसुद्धा रात्री चार वेळा कूस बदलतात, पण पुन्हा झोपतात. बाळालाही ते शिकायचे असते.

बाळ डोळे चोळू लागले, जांभया देऊ लागले, कान ओढू लागले की ती वेळ. ती वेळ हुकली की ते दमून चिडते आणि मग झोपतच नाही. "दिवसा झोपू दिले नाही तर रात्री छान झोपेल" हा समज खोटा आहे. तान्ह्याच्या बाबतीत तर उलटेच होते. मोठ्या, दोन-अडीच वर्षांच्या मुलाची दुपारची झोप मात्र फार उशिरा नको. चार-साडेचारला उठवलेले बरे. आणि त्याला बागुलबुवाची, पोलिसाची भीती घालून झोपवू नका. घाबरलेले मूल डोळे मिटते, पण रात्री दचकून उठते.

आता झोपवायचे कसे, त्याविषयी. हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून हळू वाचा. बाळाला उताणे झोपवा, म्हणजे पाठीवर. पालथे नको. कुशीवरही नको, कारण कुशीवरून ते पालथे होते. झोपेतच बाळ गेले, कारण सापडले नाही, असे प्रकार जगभर होत असत. १९९० नंतर इंग्लंड-अमेरिकेत "बाळ पाठीवर झोपवा" असा प्रचार झाला, आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. एवढ्या साध्या गोष्टीने! दूध घशात जाईल अशी भीती वाटते, पण धडधाकट बाळ उताणे असले तरी मान वळवून दूध बाहेर टाकते. खाली घट्ट गोधडी किंवा चटईवर चादर असावी. मऊ गादी नको. उशी नको, डोके गोल व्हायला देतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. पांघरूण छातीच्या वर येऊ देऊ नका. झोपताना टोपडे काढा. मार्च-एप्रिलच्या उकाड्यातही कुंची, टोपडे, वर दुपटे अशी बाळे मी पाहिली आहेत. ते उकाड्यानेच रडत असते!

आपल्याकडे बाळ आईजवळ झोपते. जवळ झोपावे, पाजायला सोपे जाते. पण त्याची जागा वेगळी असावी, हातभर अंतरावर. आणि दारू प्यालेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाने बाळाच्या अंथरुणात झोपू नये. हे बायकांनी नवऱ्याला सांगायचे नाही, सासूबाईंनी मुलाला सांगायचे.

साडीची झोळी शेतावर, घरात, सगळीकडे बांधतात. झोळीत बाळ लवकर झोपते, हे खरे. पण झोळीत त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. तेव्हा झोळी नजरेसमोर हवी. झोप लागली की बाळ उचलून सपाट जागी ठेवा. आणि बाळ पालथे पडायला लागले की झोळी सोडा, कारण ते पडते किंवा कापडात अडकते. बाळंतिणीच्या खोलीत दार बंद करून शेगडी आणि धुरी ठेवतात, तेही थांबवले पाहिजे. बंद खोलीतला कोळशाचा धूर झोपेतच जीव घेतो, आईचाही.

आणि कधी कधी सगळे करूनही बाळ रडते. रात्रीचे दोन वाजलेले, आईचे डोके भणभणलेले. अशा वेळी बाळाला गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावते किंवा जन्माचे अधू होते. राग अनावर झाला तर बाळाला उताणे ठेवा, दार ओढून पाच मिनिटे बाहेर व्हरांड्यात उभे राहा. शेजारणीला हाक मारा. रडून बाळ मरत नाही. हलवून मरते.

झोप फार आली तर ते मात्र आजारपण असू शकते. बाळ उठवूनही उठत नाही, दूध ओढत नाही, श्वास फार जोराने किंवा फार मंद चालला आहे, अंग निळसर झाले आहे, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा, गाडी फुकट येते. बाळाला काही चाटवले असेल तर डॉक्टरांना खरे सांगा. लाजेने लपवू नका. माझ्या आजीच्या बाळाला कुणी डॉक्टरकडे नेलेच नाही, कारण काय दिले हे सांगावे लागले असते.

आता त्या मुलीचे सांगतो. औषध बंद केल्यावर पहिल्या चार-पाच रात्री फार वाईट गेल्या. ती एकदा मला म्हणाली, "गुरुजी, तुमचं ऐकून मी चुकले." मी तिच्या नवऱ्याला बोलावले. तो सकाळी आठला कामावरून येतो आणि झोपतो. मी म्हटले, "बाबा रे, तू रात्री घरी नाहीस, कबूल. पण आल्यावर आधी दोन तास बाळ तू सांभाळ. उजेडात फिरव. तेवढ्यात तिला झोपू दे. मग तू झोप." तो म्हणाला, "लोक हसतील." मी म्हटले, "हसू देत." पहिले दोन दिवस समोरच्या खोलीतले खरेच हसले. मग सासूबाईंनी रात्रीच्या पहिल्या प्रहराचे रडणे आपल्याकडे घेतले. बाळाला पाजून ती नऊला झोपायची आणि एकपर्यंत आजी बघायची. मध्ये भुकेने उठले तर आजी सुनेच्या कुशीत द्यायची, पिऊन झाले की उचलून घ्यायची.

महिन्याभरात बाळ रात्री दोनदा उठू लागले. आता ते सव्वादोन वर्षांचे आहे. दुपारी एकदा झोपते आणि रात्री साडेनऊला. सकाळी बापाच्या खांद्यावर बसून नाक्यापर्यंत जाऊन येते. त्याची आई गेल्या महिन्यात वर्गात पहिल्यांदा पूर्ण पान न अडखळता वाचू शकली. सर्दीच्या औषधाची ती बाटली मी मागून घेतली आहे. वर्गाच्या कपाटात खडूंच्या डब्याशेजारी ती ठेवलेली असते, आणि नवी बाई वर्गात आली की मी ती काढून दाखवतो.